थीम पार्कचं हॉटेल: आतलं घ्यावं की बाहेरचं? (बेळगाव, खानापूर, निपाणीकडून निघणाऱ्यांसाठी)

टिळकवाडी_वास्तू

बेंगळुरूजवळ बिदडीच्या वंडरला पार्कात नवं 'आयल' हॉटेल झालंय ते घ्यावं का, खोपोलीच्या इमॅजिका पार्कचं नोव्होटेल परवडतं का, ओरलँडोला युनिव्हर्सलच्या नव्या एपिक युनिव्हर्स पार्कसाठी कुठं उतरावं, टोकियो डिस्नेचं फँटसी स्प्रिंग्ज हॉटेल कसं आहे, असे प्रश्न इथं चार ठिकाणी विखुरलेत. सगळं एका जागी असावं म्हणून हा धागा. कामाच्या निमित्तानं हॉटेलांचे नकाशे आणि खोल्यांची मांडणी बघणं सतत चालू असतं, त्यामुळं सुरुवात रचनेपासून करतो.

माझं मत आधीच सांगतो. पार्कच्या हॉटेलचा दर म्हणजे वेळेचा दर. लॉबीतला पुतळा, छतावरची नक्षी, पडद्यावरची कार्टून हे सगळं पहिल्या अर्ध्या तासात बघून होतं. त्या हॉटेलमुळं पार्कातले किती तास जास्त मिळतात आणि ते दिवसाच्या कुठल्या वेळचे, एवढं काढलं की निम्मी हॉटेलं आपोआप गळतात.

ओरलँडोचं उदाहरण घ्या. एपिक युनिव्हर्स २२ मे २०२५ ला उघडलं. त्याच दिवशी हेलिओस ग्रँड हॉटेल सुरू झालं, ५०० खोल्यांचं. ते पार्कच्या मागच्या टोकाला आहे आणि हॉटेलातून थेट पार्कात उतरणारं स्वतंत्र दार आहे. बाकीचे लोक पुढच्या मुख्य दाराशी रांगेत असताना इथले पाहुणे मागून आत येतात. दुपारी लेकरू झोपेला आलं तर खोलीवर जाऊन तासाभरात परत येता येतं. रचनेतली खरी करामत हे दार आहे, बाकी सजावट.

पण त्याची दुसरी बाजू. युनिव्हर्सलचे जुने दोन पार्क काही किलोमीटर लांब आहेत. तिकडं जायचं तर हेलिओसचे पाहुणेही बसनंच जाणार. शिवाय पोर्टोफिनो बे, हार्ड रॉक आणि रॉयल पॅसिफिक या जुन्या महागड्या हॉटेलांत राहणाऱ्यांना जुन्या दोन पार्कांसाठी एक्स्प्रेस पास (राइडची लांब रांग टाळायचा पास) खोलीच्या दरातच मिळतो. हेलिओसमध्ये तसा पास नाही, आणि त्या तीन हॉटेलांचा पासही एपिकमध्ये चालत नाही. म्हणून पाच दिवसांत तिन्ही पार्क करणाऱ्यानं सगळ्या रात्री हेलिओसमध्ये काढणं म्हणजे पैसे पाण्यात. एपिकच्या दिवसाला जोडून एक रात्र तिथं, बाकीच्या रात्री जुन्या भागात, हे गणित बरोबर बसतं. सामान हलवायचा त्रास होतो, पण तो एकदाच.

स्टेला नोव्हा आणि टेरा लूना ही दोन स्वस्तातली हॉटेलं २०२५ च्या जानेवारी-फेब्रुवारीत उघडली. प्रत्येकी ७५० खोल्या. एपिकला चालत जाता येतं, बसही आहे. खोल्या दोन्हीकडं जवळजवळ सारख्याच, रंग तेवढे वेगळे. तेव्हा या दोघांत निवड करताना डोकं शिणवू नका, त्या तारखेला जे स्वस्त ते घ्या. मात्र चारच्या वर माणसं असतील तर इथं फॅमिली स्वीट नाही. सहा जणांसाठी युनिव्हर्सलच्याच दुसऱ्या हॉटेलांत, एंडलेस समरमधले दोन बेडरूमचे स्वीट किंवा कबाना बेचे फॅमिली स्वीट बघावेत. कबाना बेमध्ये बाथरूमचे तीन भाग वेगळे केलेत, म्हणजे एकजण अंघोळीला असताना दुसरा तोंड धुऊ शकतो. सकाळी सहा माणसं तयार व्हायला किती वेळ लागतो हे ज्यानं बघितलंय त्याला याचं मोल कळेल.

खडेबाजार_तिकीट

वास्तूदादा, ओरलँडोचं पटलं, पण तेच गणित बिदडीला जसंच्या तसं लावू नका. युनिव्हर्सलच्या हॉटेलात राहिलं की ठरलेल्या पार्कात इतरांच्या आधी प्रवेश मिळतो, म्हणून तिथं आदली रात्र महत्त्वाची. वंडरला साधारण अकराच्या सुमारास उघडतं. अकराला उघडणाऱ्या पार्कासाठी आदल्या रात्री दारात जाऊन झोपायची गरज नाही. हॉटेल लागतं ते नंतर: दिवसभर पाण्यात भिजून, ऊन खाऊन संध्याकाळी बाहेर पडता तेव्हा. म्हणजे रात्र घ्यायची ती पार्कच्या दिवसानंतरची.

बेळगावकरांना हे सोयीचं पडतं, कारण रात्रीच्या गाड्या आहेत. राणी चन्नम्मा किंवा बेळगाव-बेंगळुरू सुपरफास्ट पकडली की सकाळी केएसआर बेंगळुरूला. स्टेशनशेजारूनच मेट्रोची पर्पल लाईन, ती थेट चल्लघट्टापर्यंत, मध्ये गाडी बदलायची नाही. चल्लघट्टा म्हणजे केंगेरीच्या पुढं, म्हैसूर रस्त्यावर. तिथून टॅक्सी. रिक्षा केलीत तर ती सर्व्हिस रोडनंच जाणार, कारण बेंगळुरू-म्हैसूर एक्स्प्रेसवेच्या मुख्य रस्त्यावर १ ऑगस्ट २०२३ पासून रिक्षा आणि दुचाकींना बंदी आहे. तेव्हा 'मुख्य रस्त्यानं चला, लवकर पोचू' असा आग्रह धरू नका. म्हैसूरकडच्या लोकल रेल्वेला बिदडी स्टेशन आहे, पण सामान आणि पोरं घेऊन मेट्रो बरी.

परतीला दुसऱ्या दिवशी दुपारी २.२० ची वंदे भारत. बेळगावला रात्री १०.४० ला. चेकआऊट करून निवांत नाष्टा करून निघालं तरी मिळते. ही गाडी आठवड्यातले सगळे दिवस नसते, तेवढं बघून पार्कचा दिवस ठरवा. आणि जाताना पहाटे ५.२० ची वंदे भारत नको. ती दुपारी १.५० ला पोचते, म्हणजे पार्कचा तो दिवस गेलाच.

स्वतःच्या गाडीनं जाणाऱ्यांनी तुमकूर रस्त्यावरून शहरात शिरू नये. शहराबाहेरून जाणारा नाईस रोड घ्यावा, तो म्हैसूर रस्त्याला सोडतो. टोल आहे, पण तो टोल वाचवायला यशवंतपूरच्या गर्दीत शिरण्यात काही अर्थ नाही.

अनगोळ_ताई

आयलबद्दल कुणीतरी नीट लिहा की. फोटो फार सुंदर आहेत, पण फोटोवरून कळत नाही.

टिळकवाडी_वास्तू

ताई, बिदडीला आता दोन प्रकार आहेत. जुनं वंडरला रिसॉर्ट २०१२ चं, ८४ खोल्यांचं, नेहमीच्या बांधणीचं: मजले, कॉरिडॉर, लिफ्ट. आयल २०२५ चं, पाण्याच्या काठानं मांडलेले सुटे पॉड, तंबू आणि खोली यांच्या मधला प्रकार. दोन्हींचा उपयोग वेगळा.

सुट्या पॉडमध्ये शेजारच्या खोलीचा आवाज भिंतीतून येत नाही आणि दाराबाहेर लगेच मोकळी जागा मिळते. नवरा-बायको किंवा एका मुलासह जाणाऱ्यांना ते आवडेल. पण पॉड कुठल्याही गावचा असो, त्याच्या काही अडचणी ठरलेल्या असतात. हलक्या भिंती लवकर तापतात, म्हणून एप्रिल-मेमध्ये एसीला जास्त काम पडतं आणि थंड व्हायला वेळ लागतो. पावसाचा आवाज छतावर स्लॅबपेक्षा बराच मोठा येतो. काठावर डास असतात. दोन कुटुंबं असतील तर मधलं दार उघडून एकत्र बसता येत नाही, ते कनेक्टिंग रूममध्येच जमतं. आणि पाणी जवळ असल्यानं चालायला नुकतंच शिकलेल्या मुलावर सतत लक्ष ठेवावं लागतं. आजी-आजोबा, दोन भाऊ, पोरं असा गोतावळा असेल तर मी डोळे मिटून जुनं रिसॉर्ट सांगेन, शेजारशेजारच्या दोन खोल्या, तळमजल्यावर.

चिकोडी_सीए

दराबद्दल बोलताना लोक साईटवरचा आकडा धरतात आणि कर विसरतात. २२ सप्टेंबर २०२५ पासून दिवसाला ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर ५ टक्के जीएसटी, त्याहून महाग खोलीवर १८ टक्के. मधला टप्पा नाही. म्हणून या रेषेच्या आसपास फार सावध राहायचं.

७,४०० ची खोली: कर ३७०, एकूण ७,७७०.
७,९०० ची खोली: कर १,४२२, एकूण ९,३२२.

मूळ दरात फरक ५०० चा, खिशातून जाणार १,५५२ जास्त. शनिवारचा दर ७,९०० आणि रविवारचा ७,४०० असेल तर रविवारची रात्र घ्या, जमत असेल तर. एक्स्ट्रा बेडमुळं बिल ७,५०० च्या वर जाणार का, हे बुकिंगआधी लेखी विचारून घ्या.

आणखी एक. ज्या हॉटेलात आधीच्या आर्थिक वर्षात एखादी जरी खोली ७,५०० च्या वरच्या दरानं गेली असेल, तिथल्या रेस्टॉरंटच्या बिलावर १८ टक्के लागतो, बाहेरच्या साध्या हॉटेलात ५ टक्के. तुमची स्वतःची खोली स्वस्त असली तरी जेवणावर १८ च. म्हणून रिसॉर्टमध्ये दोन्ही वेळचं जेवण घेणाऱ्यांनी तोही फरक धरावा.

आता वास्तूदादांची 'वेळेचा दर' ही कल्पना आकड्यात मांडतो. खालचे दर निव्वळ हिशेबासाठी धरलेले आहेत, तुमचे तुम्ही घाला. चौघांचं कुटुंब. बाहेरचं लॉज ३,५०० अधिक ५ टक्के म्हणजे ३,६७५. येण्या-जाण्याची टॅक्सी १,२००. नाष्टा माणशी २५० प्रमाणे १,०००. बेरीज ५,८७५. आतलं हॉटेल नाष्ट्यासह ७,७७०. फरक १,८९५. आतल्या हॉटेलमुळं अडीच तास वाचत असतील तर तासाला ७५८ पडतात, माणशी १९० च्या आत. हे तुम्हाला महाग वाटतं की स्वस्त, ते तुमचं तुम्ही ठरवा, पण निदान आकडा समोर असतो. अर्धाच तास वाचत असेल तर तोच दर तासाला ३,७९० होतो, मग आतलं हॉटेल घेऊ नका.

परदेशी पॅकेजवर टीसीएस (विकणारा आधीच गोळा करतो तो कर) कापला जातो, तो खर्च म्हणून धरू नका. रिटर्न भरताना वळता होतो. फक्त पॅकेज ज्याच्या पॅनवर घेतलंय त्यानं रिटर्न भरायला हवं.

निपाणी_४८

सीएसाहेब, हे फार कामाचं दिलंत. खोपोलीकडचं मी लिहितो.

इमॅजिका २०१३ चं, नोव्होटेल त्याच्या दोन वर्षांनंतरचं, एकूण २८७ खोल्या, पार्कला लागूनच. पार्क २०२२ पासून मालपाणी समूहाकडं आहे. निपाणीहून हायवे सरळ आहे, कोल्हापूर, कराड, सातारा, पुणे बायपास, मग एक्स्प्रेसवे, खोपोलीला उतरून पाली रस्ता. पण कागल ते साताऱ्याच्या सहापदरीकरणामुळं जागोजागी वळवलेले रस्ते लागतात, म्हणून नकाशावरच्या वेळेवर विसंबू नका, दोन तास जास्त धरा. त्यामुळं आपल्याकडून निघणाऱ्यांना खोपोलीला मात्र आदली रात्र लागते. पहाटे निघून थेट पार्कात शिरायचं म्हणजे चालवणारा माणूस नायट्रो रोलरकोस्टरमध्ये बसायच्या आधीच दमलेला.

आता मुद्दा असा की आदली रात्र आतच हवी का? संध्याकाळी सात-आठला पोचणार, जेवणार, झोपणार. त्यासाठी खोपोली किंवा लोणावळ्यातलं साधं हॉटेल पुरे. आतलं हॉटेल दुसऱ्या रात्रीला घ्या, जेव्हा वॉटर पार्क पण करायचंय. दोन दिवस, दोन पार्क, मधली रात्र नोव्होटेलला, हा त्या हॉटेलचा सर्वांत चांगला वापर. तिसऱ्या दिवशी सकाळी पालीचा बल्लाळेश्वर किंवा महडचा वरदविनायक करून परत फिरायचं, दोन्ही त्याच भागात आहेत.

सर्वांत मोठी गोष्ट सुट्ट्यांची. आपल्या कर्नाटकच्या शाळांना दसऱ्याची मोठी सुट्टी असते, महाराष्ट्रात दिवाळीची. दसरा संपल्यावर जे दिवस आपल्या पोरांच्या हातात राहतात, त्या दिवसांत मुंबई-पुण्याच्या शाळा भरलेल्या असतात. मधल्या वारी खोपोलीला गर्दीही कमी आणि खोलीचा दरही उतरलेला. उन्हाळ्यातही तसंच, आपल्याकडं एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात सुट्टी लागते, तिकडं तेव्हा परीक्षा चालू. सीमाभागात राहण्याचा हा फायदा आपण वापरतच नाही! उलट दसऱ्यात बिदडीकडं जाऊ नये, म्हैसूरच्या दसऱ्याची सगळी गर्दी त्याच रस्त्यानं जाते.

खानापूर_रान

+१, सुट्ट्यांचा मुद्दा सोन्यासारखा. पावसाळ्याचं एक जोडतो. खोपोली घाटाच्या पायथ्याला आहे, पाऊस आपल्या कणकुंबीची आठवण करून देईल असा. वीज चमकू लागली की उंच राइड्स थांबवतात, आणि त्या थांबल्या म्हणून हॉटेलचं भाडं परत मिळत नाही. जून ते सप्टेंबर स्वस्त पॅकेज दिसलं तर रद्द करता येणारा दर घ्या, दोन-तीनशे जास्त गेले तरी चालतील.

अनगोळ_ताई

ओल्या कपड्यांचं कुणी बोलतच नाही. वॉटर पार्कचे नायलॉनचे कपडे चौघांचे, टॉवेल चार, आणि खोलीला ना गॅलरी ना दोरी. एसीच्या खोलीत खुर्चीवर टाकले की सकाळपर्यंत कुबट वास. बुकिंग करताना विचारा: बाथरूममध्ये ओढून बांधायची दोरी आहे का, गॅलरी आहे का, धुलाई कपड्यामागं किती घेतात. नसेल तर नायलॉनची दोरी आणि सहा चिमटे बॅगेत टाका. कपडे टॉवेलात गुंडाळून पिळले की निम्मं पाणी निघून जातं, मग एक्झॉस्ट पंखा रात्रभर चालू ठेवून बाथरूममध्येच वाळत घाला, खोलीत नको. कार्ड काढलं की खोलीची वीज जाते अशा हॉटेलांत बाहेर पडल्यावर पंखाही बंद होतो, हे लक्षात ठेवून रात्रीच वाळवा.

दुबईचं कुणाला माहीत आहे का? मुलं सहा आणि नऊ वर्षांची आहेत.

खडेबाजार_तिकीट

ताई, त्या वयाला दुबई पार्क्सचं लेगोलँड हॉटेल बरोबर बसतं. २०२२ चं, २५० खोल्या, लेगोलँडला लागून. खोलीत मुलांचा कोपरा वेगळा, बंक बेड, आणि कोडं सोडवून उघडायची तिजोरी. लेगोलँड २ ते १२ वर्षांच्या मुलांसाठीच आखलेलं आहे, तेव्हा नऊच्या मुलाला अजून दोन-तीन वर्षं मजा येईल, त्यानंतर नाही. तिथंच लापिता हॉटेल आहे, ५०४ खोल्या, मोठ्यांसाठी शांत.

अडचण जागेची. दुबई पार्क्स जेबेल अलीच्या पलीकडं, अबूधाबीच्या बाजूला आहे. बुर्ज खलिफा, जुनी दुबई बघायची असेल तर रोजची टॅक्सी महागात जाते. त्यामुळं लेगोलँडची एकच रात्र, बाकी शहरात.

मोठी मुलं असतील तर अबूधाबीचं यास बेट जास्त फायद्याचं. फेरारी वर्ल्ड, वॉटरवर्ल्ड, वॉर्नर ब्रदर्स वर्ल्ड आणि २०२३ चं सीवर्ल्ड एकाच बेटावर, फिरायला फुकट बस. वॉर्नर ब्रदर्सच्या नावाचं हॉटेल २०२१ चं, २५७ खोल्या. वॉर्नर ब्रदर्स वर्ल्ड पूर्ण छताखाली आहे, फेरारी आणि सीवर्ल्डचाही बराच भाग छताखाली. आपली सुट्टी एप्रिल-मेची, तेव्हा हा मुद्दा हॉटेलच्या ताऱ्यांपेक्षा मोठा.

बेळगुंदी_प्रवास

आशियातल्या तीन जागांचं थोडक्यात.

टोकियो: फँटसी स्प्रिंग्ज हॉटेल ६ जून २०२४ ला उघडलं, ४७५ खोल्या, त्यातल्या ५६ ग्रँड शातोच्या, म्हणजे सर्वांत वरच्या दर्जाच्या. हॉटेलातून डिस्नेसीमध्ये थेट दार. डिस्नेच्या हॉटेलांत राहणाऱ्यांना १५ मिनिटं आधी प्रवेश मिळतो, तो टॉय स्टोरी हॉटेलमध्येही मिळतो. टॉय स्टोरी २०२२ चं, ५९५ खोल्या, मोनोरेलच्या बेसाइड स्टेशनसमोर, दर बराच कमी. माझ्या मते थेट दारासाठी एवढी जास्त किंमत मोजण्यात अर्थ नाही, टॉय स्टोरीच घ्यावं. मोनोरेलचं तिकीट वेगळं पडतं, तेवढं धरा.

हाँगकाँग: डिस्नेलँडचं एक्सप्लोरर्स लॉज २०१७ चं, ७५० खोल्या. बागांभोवती मांडलेलं, चालायला छान, पण कॉरिडॉर लांब आहेत. गुडघेदुखीवाल्यांसाठी लिफ्टजवळची खोली मागून घ्या. भारतीय पासपोर्टवाल्यांनी निघण्याआधी ऑनलाइन नोंदणी करून त्याचा कागद सोबत ठेवावाच, त्याच्याशिवाय विमानात घेत नाहीत.

सिंगापूर: इथं आतलं हॉटेल नको, असं माझं स्पष्ट मत. युनिव्हर्सल स्टुडिओज ज्या सेंटोसा बेटावर आहे तिथं २०२५ चं द लॉरस हॉटेल आहे, सगळे स्वीटच, सुंदर आहे. पण पार्क एका दिवसात होतं आणि संध्याकाळी लवकर बंद होतं. लिटल इंडियात उतरा. तिथून मेट्रोची नॉर्थ ईस्ट लाईन थेट हार्बरफ्रंटला, तिथल्या विवोसिटी मॉलमधून बेटावर जाणारी सेंटोसा एक्स्प्रेस गाडी. जाताना तिकीट लागतं, बेटावर फिरायला आणि परत यायला नाही. शाकाहारी जेवण दाराबाहेर पडलं की समोर.

अनगोळ_ताई

लेगोलँडची एक रात्र, बाकी शहरात, असंच करू. तिकीटदादा, एकच विचारायचं: हॉटेलच्या दरात पार्कचं तिकीट धरलेलं असतं की वेगळं?

खडेबाजार_तिकीट

दोन्ही प्रकार विकतात, म्हणून गोंधळ होतो. नुसत्या खोलीचा दर आणि तिकिटासह पॅकेज शेजारी ठेवून वजाबाकी करा. उरलेला आकडा सुट्या तिकिटांपेक्षा जास्त येत असेल तर पॅकेज सोडा. पॅकेजमध्ये किती दिवसांचं तिकीट आहे तेही बघा. एका रात्रीला येण्याचा आणि जाण्याचा असे दोन दिवस मिळतात, पण तिकीट बरेचदा एकाच दिवसाचं असतं. येण्याच्या दिवशी खोली दुपारी मिळणार असली तरी सामान रिसेप्शनला ठेवून सकाळीच पार्कात जाता येतं, फक्त आंघोळीचे कपडे हातातल्या पिशवीत वेगळे ठेवा. बिदडीलाही हेच करा.